एक कॅपिटल, एक अंक, एक चिन्ह : पासवर्डच्या या अटी आल्या कुठून आणि त्या खरंच आपल्याला वाचवतात का?

नवीन ॲप घेतलं, नाव टाकलं, ईमेल टाकला, पासवर्ड टाकला. लगेच चौकट लाल झाली. 'किमान एक कॅपिटल अक्षर हवं.' ते घातलं, तर 'किमान एक अंक हवा.' तोही घातला, तर 'किमान एक विशेष चिन्ह हवं.' शेवटी वैतागून आपण आपल्या गावाचं किंवा मुलीचं नाव लिहितो, त्याचं पहिलं अक्षर कॅपिटल करतो आणि शेवटी ॲट-एक-दोन-तीन जोडतो. चौकट हिरवी होते, खाली 'स्ट्राँग पासवर्ड' असंही येतं आणि आपण पुढे जातो.

पण तो पासवर्ड खरंच मजबूत असतो का?

जून २०१६ मध्ये फेसबुकचे संस्थापक मार्क झुकरबर्ग यांची ट्विटर आणि पिंटरेस्टवरची खाती काही काळासाठी हॅकर्सच्या ताब्यात गेली होती. ज्या गटाने हे केलं, त्याचा दावा होता की हा पासवर्ड २०१२ मध्ये लिंक्डइनवरून फुटलेल्या यादीत सापडला आणि तो होता 'डाडाडा'. म्हणजे इंग्रजी डी आणि ए ही दोनच अक्षरं, तीन वेळा. जगातलं सगळ्यात मोठं सोशल मीडिया चालवणारा माणूसही एकच सोपा पासवर्ड अनेक ठिकाणी वापरत असेल, तर आपलं काय?

आता गंमत बघा. याच 'डाडाडा'चा पहिला डी कॅपिटल केला आणि शेवटी ॲट-एक-दोन-तीन लावलं, तर आजही बहुतेक फॉर्म तो आनंदाने स्वीकारतील. आठपेक्षा जास्त अक्षरं आहेत, कॅपिटल आहे, अंक आहे, चिन्ह आहे. सगळ्या अटी पूर्ण, पण पासवर्ड तसाच कच्चा.

म्हणूनच खातं उघडण्याचा फॉर्म नक्की काय तपासतो, काय तपासायला हवं आणि 'साइन अप'चं बटण दाबल्यावर आपल्या पासवर्डचं पुढे काय होतं, हे समजून घेऊया.

चौकट लाल होते तेव्हा नक्की काय घडतं?

वेबसाइटवरचा फॉर्म दोन ठिकाणी तपासला जातो. पहिली तपासणी तुमच्याच फोनमध्ये किंवा कॉम्प्युटरमध्ये, ब्राउझरमध्ये होते. तुम्ही अक्षरं टाइप करत असतानाच एक छोटा प्रोग्रॅम ती मोजतो आणि लगेच सांगतो, 'अजून तीन अक्षरं हवीत', 'दोन्ही पासवर्ड जुळत नाहीत'. यासाठी इंटरनेटवरून कुठेही विचारावं लागत नाही, म्हणून उत्तर झटकन येतं.

दुसरी तपासणी कंपनीच्या सर्व्हरवर होते. बटण दाबल्यावर सगळी माहिती तिकडे जाते आणि तिथे त्याच अटी पुन्हा पहिल्यापासून तपासल्या जातात.

एकच काम दोनदा कशाला? बँकेतलं उदाहरण घ्या. दाराशी बसलेले काका तुमची स्लिप बघून सांगतात, 'सही राहिली आहे हो.' त्यामुळे रांगेत उभं राहून परत यायचा तुमचा हेलपाटा वाचतो. पण पैसे देण्याआधी कॅशिअर सही पुन्हा बघतोच. काकांनी बघितली होती म्हणून तो डोळे मिटून पैसे देत नाही.

ब्राउझरमधली तपासणी म्हणजे हे दाराशी बसलेले काका. ती तुमच्या सोयीसाठी असते. तांत्रिक माहिती असलेला कुणीही तुमचा फॉर्म न उघडता थेट सर्व्हरला माहिती पाठवू शकतो आणि ब्राउझरमधल्या सगळ्या अटींना वळसा घालू शकतो. म्हणून फक्त ब्राउझरमध्ये तपासणी करून थांबणारी वेबसाइट म्हणजे दाराशी माणूस आहे, पण काउंटरवर कुणीच नाही, अशी बँक. नवीन प्रोग्रॅमर सर्वाधिक चुका करतात अशा जागांपैकी ही एक.

मग या अटी ठरवल्या कुणी?

लोक सोपे पासवर्ड ठेवतात, ही तक्रार कॉम्प्युटरइतकीच जुनी आहे. १९७९ मध्ये बेल लॅब्सचे रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांनी युनिक्स यंत्रणेच्या पासवर्डवर एक लेख लिहिला. त्यांनी ३,२८९ पासवर्ड तपासले. त्यातले १५ पासवर्ड चक्क एका अक्षराचे होते, ७२ दोन अक्षरांचे आणि ४६४ तीन अक्षरांचे. शब्दकोशात सापडणारे शब्द आणि पाच-सहा अक्षरांचे साधे पासवर्डही यात धरले, तर एकूण ८६ टक्के पासवर्ड सहज शोधून काढता येण्यासारखे होते.

यावर उपाय काय? अमेरिकेत 'निस्ट' नावाची सरकारी संस्था आहे. मोजमापं आणि तंत्रज्ञानाची मानकं ठरवणं हे तिचं काम. २००३ च्या सुमारास तिथले अधिकारी बिल बर यांनी पासवर्डबाबत मार्गदर्शक सूचना लिहिल्या. कॅपिटल, अंक आणि चिन्हं मिसळा, ठरावीक काळाने पासवर्ड बदला, हा सल्ला तिथून सरकारी कार्यालयांत, बँकांत, विद्यापीठांत आणि पुढे जगभरच्या फॉर्ममध्ये पोचला. आज आपल्याला लाल चौकट दाखवणाऱ्या अटींचं मूळ बऱ्याच अंशी इथे आहे.

पुढे २०१७ मध्ये, निवृत्तीनंतर, बर यांनी 'वॉल स्ट्रीट जर्नल'ला मुलाखत दिली आणि आपण जे केलं त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो, अशी कबुली दिली. त्या वेळी त्यांच्याकडे लोकांच्या खऱ्या पासवर्डची पुरेशी माहितीच नव्हती. १९८० च्या दशकातल्या एका जुन्या टिपणाचा आधार घ्यावा लागला होता.

चूक कुठे झाली? माणसाच्या स्वभावाचा अंदाज चुकला. कॅपिटल हवं म्हटलं की लोक पहिलं अक्षर कॅपिटल करतात. अंक हवा म्हटलं की शेवटी एक किंवा जन्मसाल लावतात. चिन्ह हवं म्हटलं की ॲट किंवा उद्गारचिन्ह येतं. दर ९० दिवसांनी बदला म्हटलं की शेवटचा एक जाऊन दोन येतो. हे सगळं हॅकरलाही माहीत असतं. त्याचा प्रोग्रॅम आधी हेच साचे वापरून बघतो. म्हणजे अट पाळताना त्रास आपल्याला होतो आणि हॅकरचं काम फारसं वाढत नाही.

२०१७ मध्येच निस्टने आपल्या सूचना बदलल्या. कॅपिटल-अंक-चिन्हाची सक्ती टाळा, कारण नसताना पासवर्ड बदलायला लावू नका, असं त्यात म्हटलं होतं. २०२५ च्या नव्या आवृत्तीत ही भाषा आणखी कडक झाली. 'टाळा'च्या जागी 'करूच नका' आलं. पासवर्ड बदलायला सांगा, पण तो फुटल्याचा पुरावा असेल तेव्हा. आणि फक्त पासवर्डवरच खातं उघडणार असेल, तर तो किमान १५ अक्षरांचा असावा. त्याच्या जोडीला ओटीपीसारखी दुसरी पायरी असेल, तर किमान आठ अक्षरं चालतील.

तरीही जुन्या अटी आजही सगळीकडे दिसतात, कारण एकदा लिहिलेला फॉर्म वर्षानुवर्षं तसाच चालत राहतो आणि नवीन फॉर्म बनवणारा बहुतेकदा जुना बघूनच बनवतो.

अक्षरं वाढवावीत की चिन्हं?

थोडा हिशोब करू. इंग्रजी कीबोर्डवरची कॅपिटल, स्मॉल, अंक आणि चिन्हं मिळून ९५ प्रकारची अक्षरं होतात. त्यातून आठ अक्षरांचा पासवर्ड अगदी यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या उचलून केल्यासारखा बनवला, तर साधारण ६६ कोटी गुणिले एक कोटी इतक्या शक्यता होतात. आकडा प्रचंड वाटतो.

आता फक्त २६ स्मॉल अक्षरं घ्या. कॅपिटल नको, चिन्ह नको, पण लांबी १५ करा. शक्यता आधीच्या तुलनेत सुमारे अडीच लाख पटीने वाढतात. लांबीत इतकी ताकद आहे. गंमत म्हणजे असा पासवर्ड जुन्या पद्धतीच्या फॉर्ममध्ये 'कमकुवत' म्हणून नाकारला जाईल!

अर्थात हा हिशोब अक्षरं यादृच्छिक असतील तरच लागू होतो. आपलं पूर्ण नाव १५ अक्षरांचं आहे म्हणून ते पासवर्ड ठेवलं, तर अडीच लाख पटीचा फायदा शून्य होतो. लांब आणि अंदाज न येणारा, या दोन्ही गोष्टी एकत्र हव्यात. एकमेकांशी अजिबात संबंध नसलेले चार-पाच शब्द सलग लिहिणं, हा लक्षात ठेवायला त्यातल्या त्यात सोपा मार्ग.

फॉर्मने खरं तर काय तपासायला हवं?

तुमचा पासवर्ड आधीच कुठे फुटलेला आहे का, हे.

'रॉकयू' ही कंपनी मायस्पेस आणि फेसबुकसाठी छोटी ॲप्स बनवायची. डिसेंबर २००९ मध्ये तिच्याकडचे सुमारे ३ कोटी २० लाख पासवर्ड चोरीला गेले. कंपनीने ते जसेच्या तसे, उघड्या अक्षरांत साठवले होते. त्यात सर्वाधिक वापरलेला पासवर्ड होता एक-दोन-तीन-चार-पाच-सहा. सुमारे २ लाख ९० हजार लोकांचा तोच पासवर्ड होता. ही यादी इंटरनेटवर पसरली आणि आजही पासवर्ड तोडणारे प्रोग्रॅम सुरुवातीला तिचा आधार घेतात.

म्हणजे हॅकर बसून एकेक अक्षर बदलून बघतो, हे सिनेमातलं चित्र. प्रत्यक्षात त्याच्याकडे तयार याद्या असतात. एका वेबसाइटवरून फुटलेले ईमेल आणि पासवर्ड तो दुसऱ्या शंभर वेबसाइट्सवर यंत्राने टाकून बघतो. जिथे कुणी तोच पासवर्ड पुन्हा वापरलाय, तिथलं दार आपोआप उघडतं. झुकरबर्ग यांच्या बाबतीतही हेच घडल्याचं त्या गटाचं म्हणणं होतं.

यावर उपाय म्हणून ऑस्ट्रेलियातले सुरक्षातज्ज्ञ ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये 'हॅव आय बीन पोन्ड' ही वेबसाइट सुरू केली. आपला ईमेल कोणकोणत्या गळतीत सापडला, हे तिथे बघता येतं. २०१७ मध्ये त्यांनी फुटलेल्या पासवर्डची यादीही खुली केली. कुठलाही फॉर्म या यादीला विचारू शकतो, 'हा पासवर्ड तुझ्याकडे आहे का?'

पण मग आपला पासवर्ड त्यांना कळणार नाही का? इथे एक छान युक्ती आहे. पासवर्डचं आधी ४० अक्षरांच्या एका सांकेतिक ओळीत रूपांतर केलं जातं. त्यातली फक्त पहिली पाच अक्षरं पाठवली जातात. समोरून त्या पाच अक्षरांनी सुरू होणाऱ्या शेकडो ओळी परत येतात आणि जुळवाजुळव आपल्याच बाजूला होते. म्हणजे दुकानदाराला 'जोश्यांचं पार्सल द्या' न म्हणता 'ज पासून सुरू होणारी सगळी पार्सलं दाखवा' म्हणायचं आणि आपलं आपण बघून घ्यायचं. कोणतं शोधत होतो, हे त्याला कळतच नाही.

बटण दाबल्यावर पासवर्ड जातो कुठे?

चांगली वेबसाइट तुमचा पासवर्ड साठवतच नाही. ती त्याचा 'हॅश' साठवते.

हॅश म्हणजे दळण समजा. गव्हाचं पीठ करता येतं, पिठाचे गहू करता येत नाहीत. पासवर्ड एका गणिती गिरणीतून जातो आणि बाहेर अक्षरांची एक ओळ येते. त्या ओळीवरून मूळ पासवर्ड उलटा काढता येत नाही. पुढच्या वेळी तुम्ही लॉगिन करता, तेव्हा तुम्ही टाकलेला पासवर्ड पुन्हा दळला जातो आणि दोन्ही पिठं जुळतात का, ते बघितलं जातं.

पण यात एक गोम आहे. हॅकरही घरी हीच गिरणी लावू शकतो. फुटलेल्या यादीतला एकेक पासवर्ड दळायचा आणि चोरलेल्या पिठाशी ताडून बघायचा. शिवाय दोन माणसांचा पासवर्ड सारखा असेल, तर पीठही सारखंच निघतं. एकाचा सापडला की दोघांचा सापडला.

यासाठी 'सॉल्ट' वापरतात. शब्दशः मीठ. दळण्याआधी प्रत्येकाच्या पासवर्डमध्ये वेगवेगळी यादृच्छिक अक्षरं मिसळली जातात. त्यामुळे हजार लोकांचा पासवर्ड एकच असला, तरी हजार वेगळी पिठं निघतात आणि हॅकरला प्रत्येकावर स्वतंत्र मेहनत करावी लागते. मॉरिस आणि थॉम्पसन यांच्या १९७९ च्या त्या लेखात ही युक्ती सांगितलेली होती.

तरीही २०१२ मध्ये लिंक्डइनने साठवलेले हॅश मिठाशिवायचे होते, तेही झटपट दळणाऱ्या जुन्या पद्धतीचे. सुरुवातीला सुमारे ६५ लाख हॅश फुटल्याचं दिसलं. २०१६ मध्ये हा आकडा सुमारे ११ कोटी ७० लाखांवर गेला.

२०१३ मध्ये अडोबीचं प्रकरण त्याहून विचित्र होतं. तिथे १५ कोटींहून जास्त नोंदी बाहेर आल्या. पासवर्ड कुलूपबंद होते, पण सारख्या पासवर्डची सांकेतिक ओळही सारखीच होती. शेजारी लोकांनी लिहिलेल्या 'पासवर्ड आठवण्यासाठी खुणा' उघड्या होत्या. एकाच ओळीसमोर शेकडो लोकांच्या खुणा वाचल्या की शब्दकोडं सुटावं तसा पासवर्ड कळायचा. सुमारे १९ लाख लोकांचा पासवर्ड पुन्हा तोच निघाला, एक ते सहा.

आज यासाठी 'बीक्रिप्ट' आणि 'आर्गॉन-टू' यांसारख्या मुद्दाम संथ केलेल्या गिरण्या वापरतात. तुम्हाला लॉगिनला सेकंदाचा काही भाग जास्त लागला, तर जाणवत नाही. पण कोट्यवधी अंदाज करून बघणाऱ्या हॅकरला तोच उशीर भारी पडतो.

आणि एवढं करूनही चूक होते. ३ मे २०१८ ला ट्विटरने आपल्या सर्व ३३ कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलण्याचा सल्ला दिला. हॅशिंगची सोय होती, पण हॅश होण्याआधीच पासवर्ड कंपनीच्या अंतर्गत नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, उघड्या अक्षरांत लिहिला जात होता. योगायोग असा की त्या दिवशी 'जागतिक पासवर्ड दिन' होता. पुढच्याच वर्षी फेसबुकनेही कोट्यवधी वापरकर्त्यांचे पासवर्ड अंतर्गत यंत्रणेत वाचता येतील असे साठवले गेल्याचं मान्य केलं. त्यात इन्स्टाग्रामचेही काही होते. या प्रकरणात सप्टेंबर २०२४ मध्ये आयर्लंडच्या डेटा संरक्षण आयोगाने मेटाला ९ कोटी १० लाख युरोंचा दंड ठोठावला.

भारतातही २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात, माहिती जपण्यासाठी पुरेशी काळजी न घेणाऱ्या कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

पासवर्ड मराठीत ठेवला तर?

हा प्रश्न अनेकांच्या मनात येतो. हॅकरला मराठी कुठे येतं? कल्पना चांगली आहे, पण फॉर्म बनवणाऱ्याने देवनागरीचा विचार केलेला नसेल, तर गोंधळ होतो.

'कोल्हापूर' हा शब्द घ्या. आपण वाचतो ती अक्षरं चार : को, ल्हा, पू, र. कॉम्प्युटर मात्र काना, मात्रा, उकार आणि हलन्त वेगळे मोजतो. त्याच्या हिशेबी ही नऊ अक्षरं. म्हणजे 'किमान आठ अक्षरं' ही अट चार अक्षरी शब्दाने पूर्ण होते.

पुढे 'एक कॅपिटल हवं' या अटीवर गाडी अडते. देवनागरीत कॅपिटल-स्मॉल हा प्रकारच नाही. 'एक अंक हवा' म्हणून तुम्ही मराठी ७ लिहिलात, तरी अनेक फॉर्म तो अंक मानत नाहीत, कारण ब्राउझरमधली अंक ओळखण्याची नेहमीची पद्धत फक्त इंग्रजी आकडेच ओळखते. उलट, इंग्रजी अक्षर आणि अंक सोडून बाकी सगळं 'विशेष चिन्ह' असा नियम कुणी लिहिला असेल, तर आपला साधा 'क' थेट विशेष चिन्ह ठरतो!

खरी अडचण तर पुढे आहे. 'कऱ्हाड' लिहिताना येणारा अर्धा र वेगवेगळे कीबोर्ड वेगवेगळ्या प्रकारे लिहितात. कुणी 'ऱ' हे एक अक्षर वापरतो, कुणी 'र' आणि खाली नुक्ता, तर कुणी र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडचिन्ह. स्क्रीनवर तिन्ही सारखेच दिसतात, पण गिरणीतून निघणारं पीठ पूर्ण वेगळं असतं. फोनवर ठेवलेला पासवर्ड ऑफिसच्या कॉम्प्युटरवर टाकला, तर 'चुकीचा पासवर्ड' असा संदेश येऊ शकतो आणि आपली चूक कुठे झाली, हे कळतही नाही. कारण पासवर्डच्या चौकटीत फक्त ठिपके दिसतात.

यावर उपाय आहे. हॅश करण्याआधी अक्षरांना एका ठरावीक रूपात आणायचं, ज्याला युनिकोड नॉर्मलायझेशन म्हणतात. त्याने पहिले दोन प्रकार एक होतात, पण न दिसणाऱ्या जोडचिन्हाचा तिसरा प्रकार वेगळा हाताळावा लागतो.

आणखी एक मर्यादा : बीक्रिप्ट फक्त पहिले ७२ बाइट विचारात घेतं. इंग्रजी अक्षर एक बाइटचं, देवनागरी तीन बाइटचं. म्हणजे इंग्रजीत ७२ अक्षरं मावतात, मराठीत २४. त्यापुढचं काळजी न घेतलेल्या यंत्रणेत गुपचूप गळून पडतं. म्हणून सध्या तरी पासवर्डसाठी शब्द मराठी घ्या, पण लिपी इंग्रजी ठेवा, हेच सोयीचं.

लॉगिन आणि 'पासवर्ड विसरलात?'

लॉगिन चुकल्यावर चांगल्या साइट्स मोघम बोलतात : 'ईमेल किंवा पासवर्ड चुकीचा आहे.' दोन्हींपैकी काय चुकलं, हे त्या सांगत नाहीत. यामागे कारण आहे. 'हा ईमेल आमच्याकडे नाही' असं उत्तर मिळत असेल, तर कुणीही दुसऱ्याचा ईमेल टाकून ती व्यक्ती तिथे आहे की नाही, हे तपासू शकतो. एखाद्या डेटिंग ॲपच्या किंवा मानसोपचाराच्या वेबसाइटच्या बाबतीत एवढी माहितीही कुणाच्या संसारावर किंवा नोकरीवर बेतू शकते.

दुसरी गोष्ट, चुकीच्या प्रयत्नांना मर्यादा हवी. काही चुकांनंतर थोडं थांबवणं, मग जास्त थांबवणं. ही मर्यादा नसेल, तर यंत्राने लाखो अंदाज करून बघता येतात.

तिसरी गोष्ट, गुप्त प्रश्न. 'आईचं माहेरचं आडनाव काय?' 'पहिली शाळा कोणती?' ही उत्तरं आपल्या फेसबुक प्रोफाइलवर आणि शाळेच्या बॅचच्या ग्रुपमध्ये पडलेली असतात. २००८ मध्ये अमेरिकेच्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांचा याहू मेल असाच उघडला गेला. पासवर्ड तोडावा लागला नाही. जन्मतारीख, पिन कोड आणि पतीशी भेट कुठे झाली, ही माहिती जाहीरच होती.

फॉर्म बघून वेबसाइट कशी ओळखाल?

सावध व्हावं अशा खुणा :

• 'पासवर्ड विसरलात?' दाबल्यावर तुमचा जुनाच पासवर्ड ईमेलवर आला. याचा अर्थ तो दळलेला नाही, वाचता येईल असा साठवलाय.
• 'पासवर्ड १२ अक्षरांपेक्षा मोठा नको.' हॅश नीट केला असेल, तर इतकी कमी मर्यादा ठेवायचं कारण नाही. निस्टच्या मते किमान ६४ अक्षरं स्वीकारायला हवीत.
• पासवर्ड पेस्ट करू न देणं. याने पासवर्ड मॅनेजर वापरणाऱ्यांची अडचण होते आणि लोक सोपे पासवर्ड ठेवतात.
• कस्टमर केअरचा माणूस फोनवर पासवर्ड विचारतो. हे कुठल्याही परिस्थितीत चुकीचंच.

चांगल्या खुणा :

• अटी आधीच लिहिलेल्या असतात आणि टाइप करताना एकेक पूर्ण होताना दिसते.
• पासवर्ड बघण्यासाठी डोळ्याचं चिन्ह असतं.
• 'हा पासवर्ड गळतीत सापडला आहे, दुसरा निवडा' असं सांगितलं जातं.
• नवीन पासवर्डसाठी एकदाच चालणारी आणि थोड्या वेळात बाद होणारी लिंक येते.
• दुहेरी पडताळणीची सोय असते.

मग आपण काय करायचं?

सगळ्यात आधी ईमेलचा पासवर्ड बदला आणि तो इतर कुठेही वापरू नका. कारण बाकी सगळ्या खात्यांच्या 'पासवर्ड विसरलात?'च्या लिंक तिथेच येतात. ईमेल गेला की सगळं गेलं.

मग फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप आणि ईमेलवर दुहेरी पडताळणी सुरू करा. प्रत्येक साइटचा पासवर्ड वेगळा असावा. पन्नास पासवर्ड लक्षात राहणार नाहीत, त्यासाठी पासवर्ड मॅनेजर आहे. फोनमध्ये आणि ब्राउझरमध्ये तो आधीपासूनच असतो. घरातल्या ज्येष्ठांना हे जमत नसेल, तर घरी एका वहीत लिहून कपाटात ठेवलेले वेगवेगळे पासवर्ड हे सगळीकडे वापरलेल्या एकाच सोप्या पासवर्डपेक्षा बरे. हॅकर इंटरनेटवरून येतो, कपाट उघडून नाही.

जिथे 'पासकी'चा पर्याय असेल, तिथे तो घ्या. त्यात पासवर्डच नसतो. फोनमधली गुप्त किल्ली वापरली जाते आणि ती तुम्ही बोटाच्या ठशाने किंवा चेहऱ्याने उघडता. सर्व्हरवर चोरण्यासारखं काही राहत नाही.

आणि खातं हॅक होऊन पैशांची फसवणूक झाली, तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

पुढच्या वेळी चौकट हिरवी होऊन 'स्ट्राँग पासवर्ड' असं आलं, तर एवढंच लक्षात ठेवा : फॉर्मने फक्त अक्षरं मोजली आहेत. तोच पासवर्ड आणखी किती ठिकाणी वापरलाय, हे त्याला माहीत नसतं. ते फक्त तुम्हाला माहीत असतं. आणि तुमची यादी फुटली असेल, तर हॅकरलाही.